मागच्या चाकांवरचं वजन

ड्रायव्हर रुपरावने काथ्याचा दोर मागच्या चाकाच्या आऱ्यांमधून ओवून आवळला, चाकाखाली कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या कोंबल्या आणि मोटारीला पुन्हा जोर दिला. चाक जागच्या जागी गरगरलं, पऱ्हाट्यांचा भुगा मागे उडाला. माघातल्या अवकाळी पावसाने कळमेश्वरची काळी माती साबणासारखी झाली होती आणि टायर झिजून गुळगुळीत.

"काहून निघत नाही?" उत्तराबाईने विचारलं. तिचा ओठ फाटला होता. बोलताना पुन्हा रक्त येत होतं.

"इंजिन पुढं हाय, जोर मागच्या चाकाइले. मागं वजन नाही तं टायर माती धरत नाही, बाईसाहेब. हवाबी कमी करून पाहिली."

ती मागे जाऊन बसली. पाचवा महिना असूनही तिचं वजन ते कितीसं असणार. पहिलं मूल नवऱ्याच्या लाथेने गेलं होतं. हे तरी शहरात, सदरला वडिलांच्या घरी जन्मावं, म्हणून ती नवऱ्याचीच मोटार घेऊन निघाली होती.

नवरा मधुकरराव, गावचा मालगुजार, म्हणजे सारा वसूल करणारा जमीनदार. मालगुजारी वारशाने आलेली, राग मात्र स्वकष्टाचा. त्याच्या घोड्याच्या टापा ऐकू आल्या तेव्हा रुपराव चाकापाशी वाकला होता. तो उठायच्या आत चाबूक त्याच्या तोंडावर बसला. दुसरा फटका डोळ्यावर. तो चिखलात पडल्यावर मधुकररावाने त्याच्या बरगडीत बूट घातला, मग उत्तराबाईला केस धरून बाहेर ओढलं.

"बापाकडे चालली का वं? चाल, दाखवतो तुले."

त्याने लाथेसाठी पाय मागे घेतला.

मोटार सुरू करायचं लोखंडी हँडल पायरीवर पडलं होतं. ते तिने उचललं. पहिला घाव गुडघ्यावर बसला, दुसरा कानामागे. मधुकरराव आधी बसला, मग कलंडला. तिसऱ्या घावाला रुपरावने चिखलातून उठून तिचा हात धरला.

"बस झालं, बाईसाहेब. मरंल ते."

ती धापा टाकत उभी राहिली. तिला नवऱ्याची दया आली नाही. तिने चाकाकडे पाहिलं, मग त्या धिप्पाड देहाकडे.

"रुपराव, याले मागं टाका."

रुपरावने बरगडी दाबत मालकाला काखांखाली धरून ओढलं, पाय तिने उचलले. ती मागे नवऱ्याच्या शेजारीच बसली. चाक एकदा घसरलं, दोर मातीत रुतला आणि मोटार हिसका देऊन बाहेर आली. लग्नानंतर हा माणूस पहिल्यांदाच तिच्या कामी आला होता.

पुढे पक्की सडक लागली. मागून कण्हणं ऐकून रुपरावने वेग कमी केला.

"मालक शुद्धीवर येऊन राहिले. आता वजन नाही लागत. उतरवू का त्याइले इथं?"

मधुकररावाने डोळे उघडले होते. तो तिच्याकडेच पाहत होता.

"राहू द्या," ती म्हणाली. "पुढं नाल्यापाशी पुन्हा चिखल हाय."

आणि तिने हँडल मांडीवर आडवं घेतलं.