खिडकीकडचे चार मिलिमीटर

लेझर लेव्हल, म्हणजे भिंतीवर उजेडाची समपातळी रेघ मारणारं यंत्र, दुरुस्तीला आणणाऱ्यांच्या माझ्याकडे दोन जाती. एक म्हणतो, "पडलं नाही हो, नुसतं टेकलं." दुसरा म्हणतो, "मेहुण्यानं पाडलं." ओळंब्या तिसरा निघाला. त्याचं यंत्र पडलंच नव्हतं.

हा छताचं काम करतो. उंच, काटकुळा, चालताना मानसुद्धा हलत नाही. नाव गवंड्यांनी ठेवलेलं, भिंत सरळ उभी आहे का बघायला दोरीला वजन टांगतात त्या ओळंब्यावरून.

"काका, खिडकीकडे चार मिलिमीटर वर मारतंय."

मी यंत्र उघडलं. आतला लोलक मोकळा झुलत होता. समोरासमोरच्या दोन भिंतींवर खुणा केल्या, यंत्राची जागा बदलून पुन्हा केल्या. केसभर फरक नाही.

"ठणठणीत आहे. तू कशावर तपासलंस?"

"घरच्या भिंतीवर."

घर त्यानं स्वतः बांधलेलं. राहायला आला त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारापासून खिडकीपर्यंत त्यानं पेन्सिलीनं आडवी रेघ मारली आणि दर रविवारी तिच्यावर यंत्र लावून बघायचा. लोक यंत्रानं भिंत तपासतात, हा भिंतीनं यंत्र. भिंतीवर संशय घ्यायचा म्हणजे स्वतःवर घ्यायचा, आणि तेवढा दिलदार तो कधीच नव्हता.

"भावासाठी वरचा मजला चढवलास ना मागच्या वर्षी? पाया किती मजल्यांचा होता?"

"काका, तुम्ही यंत्रं दुरुस्त करता. घरं नाही."

मी यंत्र बंद करून त्याच्या हातात दिलं. गिऱ्हाईक दुखवायचं नाही, ही माझी जुनी खोड.

पुढच्या रविवारी सात मिलिमीटर. सोमवारी तो नवीनच यंत्र घ्यायला आला. खोलीतल्या कामाला लाल रेघ पुरते, उजेडात हिरवी बरी दिसते, असं मी सांगितलं. त्यानं हिरवं, चारही भिंतींवर रेघ मारणारं उचललं, तिवईसकट. दुकानात तीनदा तपासलं, जावई पारखावा तसं.

रविवारी संध्याकाळी ते नवं यंत्र परत काउंटरवर.

"नऊ. हेही बिघडलेलंच दिलंत."

"दोन्ही यंत्रं एकाच कोपऱ्यात, एकाच बाजूला बिघडली?"

त्यानं दाराकडे पाहिलं. आवाज उतरवला. "आत एक स्क्रू असतो ना? थोडा फिरवा. उजेड माझ्या रेघेला टेकू दे."

इतक्या वर्षांत यंत्र खरं करून द्या म्हणणारेच भेटले होते. माझ्या हातातला पेचकस मी खाली ठेवला.

"वर कोण कोण असतं?"

"भाऊ, भावजय, त्यांची दोन पोरं."

"चल."

यंत्र मी नेलंच नाही. गवंड्यांची पारदर्शक नळी घेतली, तिच्यात पाणी भरलं. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला थांबतं. पाण्यावर बिघाडाचा आळ घेता येत नाही.

घरी त्याची बायको दारातच म्हणाली, "काका, खिडकी परवापासून लागत नाही. हे म्हणतात लाकूड फुगलंय." डोक्यावर पोरांची धावपळ चालू होती. छत दणादण वाजत होतं.

ओळंब्यानं नळीचं एक टोक दाराकडे रेघेला लावलं, मी दुसरं खिडकीकडे. पाणी हललं, थांबलं. त्याच्याकडे बरोबर रेघेवर. माझ्याकडे रेघ पाण्याच्या खाली, करंगळीच्या रुंदीएवढी.

"नळीत हवा असेल," तो म्हणाला.

त्याची बायको नळीच्या कडेकडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून बघत गेली. एक बुडबुडा नव्हता.

तेवढ्यात माझ्याकडचं पाणी उतरू लागलं. उतरत उतरत रेघेला येऊन टेकलं.

"बघा, जुळलं," ओळंब्या म्हणाला. कपाळावर घाम, चेहऱ्यावर हसू.

मी काही बोलणार, एवढ्यात बायकोनं त्याच्या हाताकडे पाहिलं. नळीचं टोक त्यानं हळूच खाली घेतलं होतं. त्याच्याकडचं पाणी आता रेघेच्या खाली होतं.

ती वळली, जिन्याशी गेली आणि शांत आवाजात वर हाक दिली, "जाऊबाई, पोरांना उचला आणि खाली या. धावू देऊ नका त्यांना. एकेक पायरी."