पोळ्यांच्या डब्याचं झाकण

"एवढी शिकलेली बाई," श्यामसुंदरराव वर्तमानपत्राआडून पुटपुटले, "दोन बस बदलून येते आणि तासभर करते काय? तर पोळ्यांच्या डब्याचं झाकण फिरवते. झाकण काय, मीसुद्धा फिरवलं असतं."

पुटपुटणं स्वतःशीच होतं. पण शहराबाहेर मांजरी गावातल्या त्या नव्या फ्लॅटमध्ये हॉल आणि ओटा यांच्यात भिंतच नव्हती. सुनीतीबाई दोन हातांच्या अंतरावर कणीक मळत होत्या.

"मग फिरवायचं होतंत की," त्या म्हणाल्या. "कोणी हात धरला होता?"

वर्तमानपत्राचं पान उलटलं. आयुष्यभर खडकीच्या कारखान्यात दारूगोळ्याची तपासणी केलेला माणूस. स्फोट कधी होणार हे त्यांना बायकोच्या आवाजावरूनही कळायचं.

तक्रार खरी होती, हे मात्र सुनीतीबाईंना मनातून मान्य होतं. शिकवायला म्हणून परवीन पहिल्यांदा आली तेव्हा त्यांना वाटलं होतं, आता ही पेटी उघडेल, तक्ते काढेल, नातवाला समोर बसवून 'अ अननसाचा' सुरू करेल. परवीनने यातलं काहीच केलं नाही. ती चपला काढून फरशीवर बसली आणि नुसती बघत राहिली. चार वर्षांचा सौमित्र स्टीलचं झाकण कडेवर उभं करून फिरवत होता. झाकण गरगरायचं, कलायचं, घणघणत आडवं पडायचं, आणि शेवटच्या थरथरीला तो कान फरशीला लावून हसायचा. थोड्या वेळाने परवीननेही कान फरशीला लावला. चांगली चाळिशीची, पदवीवर पदवी घेतलेली बाई! सौमित्रने तिच्याकडे पाहिलं नाही, पण झाकण दोन बोटं तिच्या बाजूला सरकवलं.

चार वर्षांत त्याने कोणाकडे काही सरकवलं नव्हतं. वल्लरी, त्याची आई, ते बघून गॅलरीत गेली आणि वाळलेले कपडे पुन्हा वाळत घालू लागली.

सौमित्रला जे होतं त्याला घरात नाव नव्हतं. डॉक्टरांनी ते स्पष्ट उच्चारलं होतं, कागदावरही होतं, पण दवाखान्यातून घरी येताना गाडीत ते नाव कुठेतरी उतरून गेलं. त्यानंतर घरात त्याला 'सौमित्रचं ते' म्हणत. आमोद, म्हणजे सुनीतीबाईंचा मुलगा, फोनवर 'त्याचे क्लासेस' म्हणायचा. श्यामसुंदरराव म्हणायचे, "आमच्याकडे मुलगे उशिराच बोलतात." सोसायटीत परवीनची ओळख 'चित्रकलेच्या बाई' अशी करून दिलेली होती. एकदा परवीनने बोलता बोलता तो शब्द सरळ वापरला, तर सुनीतीबाई दूध बघायला उठल्या. दूध सकाळीच तापवून झालं होतं. पूर्वीसारखे बुधवार पेठेत असते तर चार दिवसांत सगळ्या आळीला कळलं असतं. इथे लोक लिफ्टमध्येही मोबाईलकडे बघत उभे राहतात, त्यामुळे लपवणं सोपं गेलं.

लपवता येत नव्हती ती संध्याकाळची किंकाळी. रोज पोळ्या झाल्या, की सौमित्र ओट्याशेजारच्या गॅलरीच्या दारावर कपाळ आपटत ओरडायचा. सुनीतीबाई धावायच्या, त्याच्या तोंडात श्रीखंडाची गोळी घालायच्या, मीठमोहऱ्या ओवाळून टाकायच्या. गोळी चघळेपर्यंत शांतता.

परवीनने ते दोन संध्याकाळी पाहिलं आणि विचारलं, "आजी, ओरडण्याच्या आधी काय झालं?"

"काही नाही. एकदम सुरू होतो."

"एकदम काही होत नाही हो. त्याआधी तुम्ही काय करत होतात?"

"मी काय करणार? पोळ्या डब्यात भरल्या, झाकण लावलं."

त्या बोलल्या आणि थांबल्या. झाकण. ते त्याच्या हातातून काढूनच त्या लावत होत्या, रोज.

"आणि ओरडल्यावर काय झालं?"

आता सुनीतीबाईंना राग आला. "म्हणजे ओरडायला मीच शिकवलं म्हणा ना त्याला!"

"छे!" परवीन म्हणाली. "त्याने तुम्हाला शिकवलंय. ओरडलं की आजीने कसं गोळी घेऊन धावायचं ते. हुशार आहे तो. त्याच्याकडे शब्द नाही, म्हणून जे चालतं ते वापरतो. आपण त्याला याहून सोपं काहीतरी देऊ."

वर्तमानपत्र खाली आलं. "आधी काय, मग काय झालं, त्यानंतर काय," श्यामसुंदरराव म्हणाले. "आम्ही कारखान्यात हेच शोधायचो. बिघाड कुठे—"

"बिघाड यंत्रात होतो, आजोबा," परवीन मृदूपणे म्हणाली. "माझ्या अब्बांचं बुधवारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, मला माहितीय. सौमित्र बिघडलेला नाही."

श्यामसुंदररावांनी वर्तमानपत्र पुन्हा वर केलं. पण त्या दिवसापासून ते वाचत नव्हते, आडून बघत होते. बायकोला ते कळत होतं, कारण पान उलटायचंच थांबलं होतं.

मग धडे सुरू झाले. ते सौमित्रचे कमी आणि सुनीतीबाईंचे जास्त होते. झाकण परवीन फिरवायची. ते पडलं, की हातात धरून थांबायची. नुसती थांबायची. सौमित्र झाकणाकडे झेपावला, की त्याचा तळवा हळूच आपल्या तळव्यावर टेकवायची, "फिरव" म्हणायची आणि तत्क्षणी झाकण सोडायची.

"इतकं लगेच?" सुनीतीबाईंनी विचारलं.

"लगेचच. पाहुणा जिना उतरल्यावर चहा टाकला, तर तो पाहुण्यासाठी नसतो."

काही दिवसांनी ती त्याचा हात धरेना, नुसतं मनगट. मग कोपराला स्पर्श. मग काहीच नाही. सायकल शिकवताना आपण कॅरियर धरून पळतो आणि कधीतरी सोडून देतो, शिकणाऱ्याला न सांगता, तसं. एके दिवशी सौमित्रने आपणहून तळवा टेकवला आणि ओठांतून हवा सोडली, "फ्." परवीनने झाकण असं काही फिरवलं, की जणू त्याने अख्खं वाक्य म्हटलं होतं.

"अहो पण तो 'फिरव' कुठे म्हणाला?" सुनीतीबाई म्हणाल्या. त्यांना पूर्ण माल हवा असायचा.

"आजी, सूनबाईंची पहिली पोळी कशी झाली होती?"

"श्रीलंकेसारखी."

"मग तव्यावर टाकलीत की नाही?"

ओट्याकडून वल्लरीचं हसू ऐकू आलं. त्या घरात ते बऱ्याच दिवसांनी ऐकू आलं होतं.

सुनीतीबाईंना सगळ्यात जड गेलं ते थांबणं. त्यांच्या हातांना ती सवयच नव्हती. नातवाने पाण्याच्या दिशेला पाहिलं की पेला हजर, चप्पल पाहिली की पायात. त्याला कधी काही मागावंच लागलं नव्हतं, हे माया म्हणून त्या मिरवायच्या. आता परवीन म्हणायची, "पेला दाखवा आणि पाच आकडे मोजा, मनात." त्या मोजायच्या आणि तिसऱ्याच आकड्याला पेला पुढे सरकायचा. हनुवटी धरून "बघ रे माझ्याकडे" म्हणायचीही त्यांना सवय. परवीनने तो हात अलगद खाली आणला होता. "ऐकू डोळ्यांनी येत नाही, आजी. बघायचं तेव्हा बघेल. तो मान वळवतोय ना, म्हणजे नको म्हणतोय. त्याचं 'नको'ही ऐकायचं."

गोळी बंद झाली तेव्हाही परवीनने आधीच बजावलं होतं. "काही दिवस जास्त ओरडेल. बेल वाजली नाही, तर आपण परत जातो का? आधी जोरात दाबतो, मग दार बडवतो. कपाळाला लागू नये म्हणून उशी ठेवा, जवळ बसा, पण गोळी नाही. आणि झाकण मागायचं दार मात्र सताड उघडं."

चौथ्या संध्याकाळी वन्सांचा फोन आलेला, आमटी उतू गेलेली, आणि तो दार बडवतच होता. सुनीतीबाईंनी इकडेतिकडे पाहून एक गोळी घातली. एकच. दुसऱ्या दिवशी किंकाळी दुप्पट लांबली. परवीन आत येऊन, ऐकून, फक्त म्हणाली, "दिलीत ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्याने सांगितलं की. त्याला वाटतंय, काल कमी ओरडल्यामुळे उशीर झाला."

ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती बसली आणि पुन्हा पहिल्यापासून लागली. या बाईचा धीर बघून सुनीतीबाईंनी त्या दिवसापासून तिला 'अगंतुगं' करायला सुरुवात केली. त्यांच्याकडे यापेक्षा मोठा मान नव्हता.

चैत्र आला. चैत्रगौरीचं हळदीकुंकू म्हणजे सुनीतीबाईंचा वर्षाचा सोहळा. गेल्या वर्षी त्या संध्याकाळी आमोद सौमित्रला स्कूटरवर घालून उसाच्या शेतांकडे गेला होता, शेवटची बाई जिना उतरेपर्यंत.

यंदा वल्लरी म्हणाली, "आई, यंदा तो घरीच राहील."

"अगं, एवढ्या बायका, एवढा आवाज—"

"मग मीही त्याच्याबरोबर उसाकडे जाते. कायमची तशीच जात जाईन, प्रत्येक सणाला."

सूनबाईंनी आवाज चढवला नव्हता. सुनीतीबाई रात्रभर कुशीवर वळत राहिल्या. लोकांसमोर कपाळ आपटलं तर? आणि नाही ठेवलं, तर हे पोर सणासुदीला उसाचाच पाहुणा? परवीनला विचारलं, तर ती म्हणाली, "माझ्यासमोर त्याला जमलं, ते अजून माझं आहे. मी नसताना, चार माणसांत जमलं, ते त्याचं. कान झाकायला लागला की आतल्या खोलीत न्या. तेवढं बघा."

"राहू दे घरी," सकाळी त्या वल्लरीला म्हणाल्या. पण गौरीपुढे कलिंगडाची कमळं मांडून झाल्यावर त्यांनी दोन श्रीखंडाच्या गोळ्या हळूच कनवटीला लावल्या. असाव्यात.

बायका आल्या. अत्तर, गुलाबपाणी, पन्हं, भिजवलेले हरभरे. आमोद आणि श्यामसुंदरराव आतल्या खोलीत. सौमित्र ओट्याजवळ झाकण घेऊन बसला होता, वल्लरी त्याच्याशेजारी. सगळं सुरळीत. वल्लरी पन्ह्याचे पेले भरायला उठली तेवढ्यात शेजारच्या शर्मिलाने, मदतीला म्हणून, "अगं बाई, डाळ उघडीच राहिलीय," म्हणत जमिनीवरचं झाकण उचललं, नळाखाली धुतलं आणि आंब्याच्या डाळीवर टाकलं.

किंकाळी निघाली. सौमित्र गॅलरीच्या दाराशी पोचलाही होता.

"भूक लागली असेल."

"दृष्ट काढा हो, लगेच थांबेल."

"मोबाईल द्या ना हातात, आमचा तर लगेच गप्प होतो."

सुनीतीबाईंचा हात कनवटीला गेला. बोटांना गोळीचा कागद लागला. एक गोळी, आणि पाच मिनिटांत सगळं झाकलं जाईल. बायका डाळीची तारीफ करत घरी जातील. त्यांनी वल्लरीकडे पाहिलं. ती पेले हातात धरून उभी होती.

त्यांनी हात काढून घेतला. कोचावरची उशी ओढून त्याच्या कपाळासमोर दाराच्या कडीत खोचली, डाळीवरचं झाकण उचललं आणि भरजरी पातळासकट फरशीवर बसल्या. गुडघा कटकन वाजला. झाकण त्यांनी समोर धरलं. त्याला दिसेल असं, पण दिलं नाही. दुसरा तळवा उघडा ठेवला.

आणि थांबल्या.

किंकाळी आणखी चढली. कोणीतरी मागून म्हणालं, "अहो, द्या ना त्याला, कशाला छळताय!" सुनीतीबाईंनी मनात आकडे मोजले. पाचानंतरचेही मोजले. झाकणात गौरीचा दिवा हलत होता. एका क्षणी सौमित्रने श्वास घ्यायला आवाज तोडला. त्या फटीत त्या हलकेच म्हणाल्या, "फि..."

तो थांबला. झाकणाकडे पाहिलं. मग त्याचा घामेजलेला छोटा तळवा त्यांच्या तळव्यावर आला, कोणी न धरता.

"फिव," सौमित्र म्हणाला.

झाकण तत्क्षणी सुटलं. अत्तरदाणीच्या पायाशी गरगरलं, कललं, घणघणलं. सौमित्रने कान फरशीला लावला. सुनीतीबाईंनीही लावला, अंबाडा आणि गजरा सांभाळत. शेवटच्या थरथरीला दोघं हसली. आतल्या खोलीच्या दारात श्यामसुंदरराव येऊन उभे होते. हातात वर्तमानपत्र नव्हतं.

शर्मिला ओशाळून पुढे आली. "काकू, माझंच चुकलं हो. मला काय माहीत... उशिरा बोलतोय का? आमच्या दिरांचा मुलगाही पाच वर्षांचा होईपर्यंत गप्पच होता, आता ऐकवत नाही."

वल्लरीने नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं. दारातून श्यामसुंदररावांचा घसा खाकरला, "आमच्याकडे मुलगे..." आणि वाक्य अर्ध्यावर राहिलं.

सुनीतीबाई सरळ बसल्या. झाकण पुन्हा उचलून त्यांनी हातात धरलं, कारण तळव्यावर तो छोटा हात पुन्हा येऊन टेकला होता.

"नाही गं शर्मिला, उशिरा बोलणं नाही ते," त्या म्हणाल्या. "आमच्या सौमित्रला ऑटिझम आहे. डाळीवर ताट झाक; झाकण त्याने मागितलंय."