कानतुट्या बोका कोणाचा?

मी वही बोलतेय. शंभर पानी, एकरेघी आणि अजून रागावलेली. कशाने, ते सांगते.

१९८३ साली वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या कमळने मला लेकीच्या, जयाच्या गणितांसाठी आणलं. जयाने जेमतेम चार पानं भरली आणि तापाने अंथरूण धरलं. पडल्या पडल्या तिची एकच भुणभुण, "आये, गोष्ट सांग ना."

कमळचा बाप भिकाजी मालवाहू जहाजावर खलाशी होता. एडन, मोंबासा, सिंगापूर ही नावं त्याच्या तोंडून ऐकत ती वाढलेली. गोष्टीत तिने त्या बंदरांवर आपल्या मासळीबाजारातला एक बोका सोडला. कान तुटलेला, म्हणून नाव कानतुट्या. जहाजात चोरून शिरायचा, परदेशात उतरायचा आणि भल्याभल्या चोरांना पकडून द्यायचा.

जया बरी झाली, तरी कानतुट्याचा प्रवास थांबला नाही. विसरायला नको म्हणून कमळ सगळं माझ्यात लिहू लागली. सातवी शिकलेली बाई, ऱ्हस्व-दीर्घाची पार वाट लागलेली. माझ्या पानांना बांगड्याचे खवले चिकटायचे. पण जया वाचायला बसली की जेवायला उठायची नाही.

अंधेरीला उत्तराताईंच्या घरी कमळ मासळी द्यायची. ताई मासिकांत मुलांसाठी लिहीत. एकदा कमळने मला सोबत नेलं, तेव्हा त्यांनी मला चाळलं आणि म्हणाल्या, "झकास आहे गं! ठेव माझ्याकडे. शुद्धलेखन तपासून देते."

चार महिने मी त्यांच्या टेबलावर होते. शुद्धलेखन कसलं तपासतात! ओळ न् ओळ उतरवून घेतली. मला ओरडता आलं असतं तर अख्खी सोसायटी गोळा केली असती. शेवटी मला परत देताना म्हणाल्या, "छान आहे, पण छापण्यासारखं नाही."

"तुमचा टाइम घालवला, ताई," असं म्हणून कमळने त्यांच्या ताटात दोन पापलेटं जास्तीची टाकली. आठवलं की आजही माझा जळफळाट होतो.

पुढच्या वर्षी जयाने शाळेतून एक पुस्तक आणलं. वर कानतुट्याचं चित्र, खाली उत्तराताईंचं नाव. "आये, हा आपला बोका ना?" कमळने ते उभ्या उभ्या वाचून संपवलं, मला काखेत मारलं आणि तडक अंधेरी गाठली.

"ताई, हे काय?"

"अगं, कल्पना तुझी असेल, पण लिहिलं मी. आणि मासळीवालीच्या नावाने पुस्तक कोण छापणार?"

दार बंद.

त्याच महिन्यात ताई वाचनालयात मुलांशी गप्पा मारायला येणार होत्या. कमळ मला घेऊन मागच्या सतरंजीवर बसली. एका मुलीने विचारलं, "मासळी काचेच्या पेटीत होती. वास येत नव्हता. मग ती शिळी आहे हे कानतुट्याला कसं कळलं?"

ताई हसल्या. "गोष्टीत सगळं चालतं, बाळ."

कमळ उठली. "चालत नाय. डोला बघायचा. ताज्या मासळीचा डोला फुगलेला, चकचकीत. शिळीचा आत जातो." हे तिने माझ्यातही लिहिलं नव्हतं; कोळणीला ते लिहावं कशाला लागतं!

मुलं गर्रकन वळली. "तुम्हाला कसं माहीत?"

"बोका माझा हाय."

ग्रंथपाल मार्तंडराव धावत आले. "बाई, बाहेर व्हा. कार्यक्रम बिघडवू नका." कमळ हलली नाही. तिने मला उघडलं आणि पुस्तकात नसलेली, नुकतीच लिहिलेली गोष्ट वाचायला लागली. मुलं सरकत सरकत तिच्याभोवती आली. सिंगापूरच्या बंदरात चोरांनी कानतुट्याला बर्फाच्या खोलीत कोंडलं, आणि कमळने मला फटकन मिटलं.

"पुढे काय झालं?" मुलांनी गलका केला.

"पुस्तकावर ज्यांचं नाव हाय, त्यांना विचारा."

सगळ्या माना ताईंकडे वळल्या. ताईंनी पाण्याचा पेला उचलला, तसाच खाली ठेवला.

तुम्हाला वाटेल, न्याय झाला. कसला न्याय? पुस्तक आजही त्यांच्याच नावाने खपतं. परवा नवी आवृत्ती निघाली. मी कमळच्या फळीवर आहे. कोपरे दुमडलेत, शिवण सुटत आलीय.

ते पुस्तक कधी तुमच्या हाती आलं, तर माझं एक काम करा. मुखपृष्ठावरचं नाव खोडा आणि तिथे कमळचं नाव लिहा. पेन्सिलीने नको, शाईने लिहा.