शालिग्राम सरांचा उन्हाळा

मोहखेड्याच्या माध्यमिक शाळेत शिक्षकांची राजकारणावरून भांडणं होत नसत, कारण राजकारण संस्थेच्या अध्यक्षांकडे होतं. पगारावरून होत नसत, कारण पगार सरकारकडे होता. शिक्षकांचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, ते म्हणजे त्यांच्या सायकली. त्यामुळे भांडण व्हायचं ते सायकलीवरूनच: चालवायला हिवाळा बरा की उन्हाळा?

हिवाळा पार्टीचे पुढारी चित्रकलेचे लोटन सर. त्यांचं गाव शाळेच्या पूर्वेला. थंडीत वारं छातीला लागू नये म्हणून ते शर्टाच्या आत पेपर घालून सायकल चालवत. कालचा पेपर घालायचा आणि आजचा वाचायचा, असं त्यांचं म्हणणं. पण संध्याकाळी घाईत आजचाच आत जाई. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत स्टाफरूममध्ये पेपर म्हणून टिकत नसे. देशात काय चाललंय ते पाहायचं तर लोटन सरांच्या शर्टाची बटणं काढावी लागत.

उन्हाळा पार्टीत एकटे शालिग्राम सर. गणित शिकवत, राहत जामनेरला, म्हणजे शाळेच्या पश्चिमेला, आणि सर्वांत लांबून येत. पार्टीत एकटेच असल्यामुळे पुढारी तेच, आणि फूट पडायची भीती नव्हती.

"हिवाळ्यात माणूस सायकल चालवतो," ते म्हणत, "आणि उन्हाळ्यात सायकल माणसाला चालवते. चेनचं तेल पातळ होतं, गुडघ्याचं तेल पातळ होतं. नुसतं बसायचं!"

"आणि डोक्याचं पातळ होतं त्याचं काय?" लोटन सर विचारत.

"ज्याच्या डोक्यात काही आहे त्याला ऊन लागत नाही. ती खिशात कांदा घेऊन फिरणारी माणसं वेगळी. खिशात कांदा ठेवणाऱ्या माणसाला मी भाकरीबरोबर मोजतो."

खानदेशात चैत्र लागला की ऊन लागू नये म्हणून माणसं खिशात कांदा ठेवतात. कलेक्टरपासून हमालापर्यंत सगळे ठेवतात, फक्त कलेक्टर सांगत नाही. शालिग्राम सर मात्र वर्गातसुद्धा कांद्याची टिंगल करत. विज्ञानाचा तास नसला तरी करत.

खरं सांगायचं तर सरांचं उन्हाळ्यावरचं प्रेम हे पहिल्या नजरेचं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या डिसेंबरात ते बायकोची, द्रौपदाबाईंची, लालभडक फुलाफुलांची शाल कानांवरून घट्ट गुंडाळून शाळेत आले. शनिवारच्या सकाळचं धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं. सहावीचा वर्ग व्हरांड्यात ऊन खात होता. सगळा वर्ग उठून उभा राहिला आणि एका सुरात म्हणाला, "नमस्ते बाई!" त्या दिवशी सरांनी हिवाळा सोडला.

नंतर प्रेम टिकलं त्याचं कारण वेगळं होतं, आणि ते त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. गुढीपाडवा झाला की शाळा सकाळची होई. सर अंधार फिटता-फिटता निघत. हवा गार, रस्ता मोकळा, आणि मागून हलकं पश्चिमेचं वारं. सायकल खरंच आपोआप चाले. अकराला शाळा सुटे. दुपारचं ते भट्टीतून निघाल्यासारखं वारं सुटायच्या आत सर घरी पोचलेले असत. मग पन्हं, मग जेवण, मग ओला पंचा अंगावर टाकून झोप. चार वाजता उठून ते ओट्यावर बसत आणि पायी जाणाऱ्यांना म्हणत, "काही नाही हो, ऊन मानण्यावर असतं."

म्हणजे सरांना आवडायची ती सकाळची शाळा. तिला ते उन्हाळा म्हणत.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण त्या एप्रिलात अध्यक्ष भाईदास आबांना शाळा तपासायची हुक्की आली. आबा सकाळी आठाच्या आत उठत नसत. उठून, चहा घेऊन, चार माणसांना भेटून त्यांची जीप शाळेत आली तेव्हा बारा वाजून गेले होते. फाटकाला कुलूप, आणि आत शिपाई वना कडुनिंबाखाली खाट टाकून घोरत होता.

"ओ वना! शाया काबरं बंद हाये?"

"सकायची हाये ना आबा," वना धडपडत उठून म्हणाला.

"मग मले दिसली काबरं नाही?"

वना किल्ली शोधू लागला. दुसऱ्या दिवशी आबांनी तेच मुख्याध्यापक पितांबर सरांना विचारलं. पितांबर सरांना स्वतःचं मत असे, पण ते आबा बोलल्यानंतर होई. आबा म्हणाले, "जी शाया अध्यक्षाले दिसत नाही ते शाया कसची?" पितांबर सरांनाही तसंच वाटू लागलं. सोमवारी दुपारी बैठक ठरली. सकाळची शाळा बंद करून वर्षभर अकरा ते पाच करायची, आणि त्याआधी शिक्षकांचं मत घ्यायचं. मत काय द्यायचं तेही पितांबर सरांनी सगळ्यांना सांगून ठेवलं.

स्टाफरूममध्ये सुतक पडलं. अकरा ते पाच! पत्र्याखाली दुपारी तीनला भूमिती! शालिग्राम सरांच्या डोळ्यांपुढे तर संध्याकाळचा रस्ताच उभा राहिला. तोंडावर मावळतीचं ऊन, समोरून आगीचं वारं, चाकाखाली वितळलेलं डांबर चर्र-चर्र करतंय, आणि जामनेर काही केल्या जवळ येत नाही.

"सर, आता तुम्हीच," इतिहासाचे भिकन सर म्हणाले. "सर्वांत लांबून तुम्ही येता. तुम्ही म्हणालात की जमत नाही, तर आबा ऐकतील."

"मी?"

"मग काय मी? मी शाळेच्या मागं राहतो. मला ऊन लागायच्या आत शाळा लागते."

लोटन सर पेन्सिलीला टोक करत होते. ते मान वर न करता म्हणाले, "सर कसे म्हणतील? सरांना तर उन्हाळा आवडतो. नाही का हो सर?"

शालिग्राम सर खडू उचलून वर्गावर गेले. त्यांनी त्या दिवशी गणितात एक वजाबाकी चुकवली आणि मुलांनी ती तशीच उतरवून घेतली.

घरी त्यांनी द्रौपदाबाईंना सगळं सांगितलं. बाई कैऱ्या चिरत होत्या.

"मग सांगून टाका ना, की ऊन सोसत नाही म्हणून."

"असं कसं सांगू? इतकी वर्षं मी काय म्हणत आलो?"

"इतकी वर्षं तुम्ही काय म्हणता ते ऐकतंय कोण?"

"लोटन ऐकतो!"

"मग लोटनसाठी मरा उन्हात," असं म्हणून बाईंनी कैरीची कोय फेकली. सोमवारी निघताना त्यांनी सरांच्या पँटच्या खिशात रुमाल घातला. रुमालाखाली आणखी काहीतरी घातलं. सरांना ते माहीत होतं. दर उन्हाळ्यात बाई ते घालत आणि दर उन्हाळ्यात सर ते माहीत नसल्यासारखं करत. संसार असाच चालतो.

बैठकीला आबा पंख्याखाली बसले. पंखा एकच होता. शिक्षक भिंतीला लागून बसले होते आणि घाम पुसत होते.

"कोनाले अडचन हाये का?" आबांनी विचारलं.

सगळ्यांनी शालिग्राम सरांकडे पाहिलं. सर उभे राहिले. सायकलीवर आठवडाभर पाठ केलेलं वाक्य त्यांच्या ओठांवर होतं: आबा, दुपारचं ऊन मुलांना सोसणार नाही. मुलांना! किती बिनधोक वाक्य. यात शालिग्राम सर कुठंच नव्हते.

पण आबाच आधी बोलले. "अरे वा, शालिग्राम सर! तुमचं नाव लय आयकलं भो. लोटन सर सांगू राह्यले व्हते का तुमाले उन्हायात सायकल चालवाले मजा येते. खरं का?"

लोटन सर छताकडे पाहत होते. छतावर पाल होती. तिचं चित्र काढायचं असल्यासारखे ते पाहत होते.

"तसं आबा..."

"तसं नाही, सरळ सांगा. हिवाया बरा का उन्हाया? तुमी सांगाल तसं करू. आपन लोकशाहीवाले मानसं हावोत."

आता हे एक उत्तर द्यायचं होतं. हिवाळा म्हटलं, की सकाळची शाळा वाचली, संध्याकाळचा रस्ता वाचला, दुपारची झोप वाचली. पण लोटन सर निवृत्त होईपर्यंत रोज विचारणार, "काय हो सर, शाल नाही आणली?" आणि लोटन सर निवृत्त व्हायला फार वर्षं होती. सरांनी पाहिलं. भिकन सर डोळ्यांनी विनवत होते. लोटन सरांच्या मिशीखाली हसू तयार होऊन बसलं होतं, फक्त बाहेर यायचं बाकी होतं.

सरांच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरला. "हि..." ते म्हणाले, आणि घाम पुसायला त्यांनी खिशातून रुमाल ओढला.

रुमालाबरोबर कांदा बाहेर आला. जमिनीवर पडला, टुणकन उडाला आणि फरशीच्या उताराने घरंगळत थेट आबांच्या जोड्याला जाऊन टेकला. चांगला मोठा लाल कांदा होता. द्रौपदाबाई कशात हात आखडत नसत.

मग लोटन सरांना ठसका लागला. ठसक्याच्या आडून ते हसत होते ते पालीलाही कळलं असतं.

"भाकरीबरोबर मोजायची माणसं," ते पुटपुटले.

शालिग्राम सरांना वाटलं, आता धरणीमाता पोटात घेईल तर बरं. पण एप्रिलात धरणीही तापलेली असते.

आबांनी वाकून कांदा उचलला. हातात फिरवून पाहिला, हुंगला. मग स्वतःच्या सदऱ्याच्या डाव्या खिशात हात घातला आणि एक कांदा काढून टेबलावर ठेवला. उजव्या खिशातून दुसरा काढला.

"मी तं दोन ठेवतो," आबा म्हणाले. "जीपमधी उन दोनीकडून लागते."

पितांबर सरांनी ताबडतोब आपला काढला. मग भिकन सरांनी. मग, सगळे पाहत आहेत म्हणून, लोटन सरांनीही. त्यांचा लहानसा होता आणि खडूच्या डबीत ठेवलेला होता. टेबलावर बाजार भरला. शालिग्राम सरांच्या मनात आलं, वाचलो! आता सगळेच कांदेवाले, आता कोणी कोणाला हसायचं नाही. आता खरं सांगायला हरकत नाही. त्यांनी श्वास घेतला.

"आबा, त्याचं असं आहे, की..."

"काही सांगू नका सर! तुमी बठ्ठं सांगून टाकलं." आबा उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर ज्ञान झाल्याचं तेज होतं. "पाहा. हा मानूस जामनेरहून येते. याले उन काबरं लागत नाही? तं याच्यामुळं!" त्यांनी कांदा उंच धरला. "मग सकायची शाया पाह्यजे कायले? पितांबर सर, लिहा. शाया अकरा ते पाच. आन् उन्हाया संपेस्तोवर संस्थेतर्फे दर मास्तरले रोज एक कांदा मंजूर."

पितांबर सरांनाही अगदी तेच सुचलं होतं.

त्या साली कांद्याला भाव नव्हता आणि आबांच्या कांदाचाळीत माल सडत होता, असं वना नंतर म्हणाला. पण वना काहीही म्हणतो. तीन पोती मात्र दुसऱ्याच दिवशी आली आणि प्रयोगशाळेत ठेवली. प्रयोगशाळेत काहीतरी आलं याचा मुलांना आनंद झाला.

मग सुरू झाला शालिग्राम सरांचा खरा उन्हाळा. पाचला शाळा सुटे. सर हँडलला हात लावत आणि चटका बसून काढून घेत. सायकल उन्हात उभी राहून रोज एक ट्यूब खाई. तोंडावर ऊन, समोरून वारं. वाऱ्याचा जोर असा की पायडल मारणं थांबवलं की सायकल शाळेकडे परत निघे. आणि रोज फाटकातून निघताना भिकन सर मागून हात हलवून ओरडत, "सर, सायकल चालवू राह्यली का माणसाला?"

सर हात वर करून म्हणत, "मजा येतेय!" दुसरं काय म्हणणार? घरी पोचले की द्रौपदाबाई पन्ह्याचा तांब्या पुढे करत आणि विचारत, "लोटन बरा आहे ना?"

लोटन सर फारच बरे होते. त्यांचं गाव पूर्वेला. संध्याकाळी ऊन पाठीला आणि ते आगीचं वारं पाठीमागून. पायडल न मारता ते घरी जात. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या दिवशी ते स्टाफरूममध्ये म्हणाले, "सर, तुमचं खरं होतं बरं का. हिवाळ्यात माणूस सायकल चालवतो, आणि उन्हाळ्यात..."

"पुरे," शालिग्राम सर म्हणाले.

पावसाळ्यात वाद बंद असे. सगळेच चिखलातून सायकल खांद्यावर घेऊन येत.

थंडी पडली तशी लोटन सरांच्या शेतात भरीत पार्टी झाली. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून त्यात हिरवी वांगी भाजली होती, धूर होता, सगळे जाळाभोवती उकिडवे बसले होते. लोटन सरांनी ठेचलेल्या मिरचीचा हात झटकला आणि जाहीर केलं, "मी स्पष्ट सांगतो, सायकलीला उन्हाळ्यासारखा दिवस नाही. ही थंडी म्हणजे नुसती हाडं मोडायची. कोणाचं काय म्हणणं आहे?"

शालिग्राम सरांच्या कानात अजून उन्हाळ्यातल्या संध्याकाळच्या वाऱ्याचा आवाज होता. या दिवसांत शाळा सुटताना पूर्वेचं वारं मागून येई आणि जामनेर आपणहून जवळ सरके.

"मुळीच नाही," ते ताठ बसून म्हणाले. "ज्याच्या अंगात रक्त आहे त्याला थंडी वाजत नाही. थंडी मानण्यावर असते."

"अरे, आजचा पेपर कोणी पाहिला का?" पितांबर सरांनी मध्येच विचारलं. "आबांचा फोटो आलाय म्हणे. सकाळपासून शोधतोय."

कोणी पाहिला नव्हता. शालिग्राम सर भरीत घ्यायला पुढे वाकले, आणि त्यांच्या शर्टातून खसखस असा आवाज आला.