धन्यवादाच्या आधी

“पान सोडायच्या आत विचारून घे, पोरी. पान बदललं की त्याला मागचं काही आठवत नाही.”

काकांचं हे वाक्य तिनं शंभरदा ऐकलं होतं. काका म्हणजे ऑफिसातले सगळ्यात जुने तपासनीस. चष्मा कपाळावर ढकलायचे आणि मग तोच टेबलभर शोधत बसायचे. आता ते हयात नव्हते. आणि माणूस घायकुतीला आला की ऐकलेलं नेमकं वेळेवर आठवत नाही.

सकाळपासून वहिनीचा हा तिसरा फोन.

“वन्सं, इस्पितळाच्या नोंदणी-खिडकीवरचे कारकूनबाबा म्हणतात, यांचं नावच आलेलं नाही. मी माझ्या हातानं फॉर्म भरला हो! ‘धन्यवाद, आपली नोंद झाली’ असं आलंसुद्धा. तुमच्याच कंपनीचं पान ना ते?”

पान कंपनीचंच होतं. दादाच्या मूत्रपिंडांनी हात टेकले होते, आणि डायलिसिसच्या खाटा नोंदीच्या तारखेप्रमाणे मिळत. आज नव्यानं नोंद करायची म्हणजे रांगेच्या शेपटाला जायचं. तेवढी सवड दादाजवळ नव्हती.

“ते म्हणतात, चूक पानाची होती असं दाखवा, मी जुनीच तारीख धरतो. पण आज कचेरी बंद व्हायच्या आत. उद्या खाटा वाटून टाकणार.”

“मी घेऊन येते, वहिनी. तू खिडकीपासून हलू नकोस.”

बोलून तर गेली. आणायचं काय, ते देवाला ठाऊक.

वेबसाइटी तपासायचं तिच्याकडे एक साधन होतं. ते आपणच ब्राउझर उघडी, फॉर्म भरी, बटण दाबी. आणि विचारलं की पानानं सर्व्हरकडे कोणकोणते निरोप धाडले, त्यांना काय उत्तरं आली, ती यादी समोर ठेवी. वहिनीनं फॉर्मला जोडला होता तोच दादाच्या रिपोर्टचा फोटो जोडून तिनं ते चालवलं. ‘धन्यवाद’ आलं. यादी मागितली. सगळं हिरवं, म्हणजे सगळं ठीक. पुन्हा चालवलं. पुन्हा हिरवं.

“अगं, यंत्र कशाला खोटं बोलेल?” साहेब मागे येऊन उभे राहिले. “वहिनींनीच काहीतरी भलतं दाबलं असेल. माझी बायको तर लिफ्टमध्ये घंटाच वाजवते.”

तिला हसू आलं नाही. घड्याळाकडे बघायचा धीर होत नव्हता. हिरव्या ओळी वाचता वाचता डोळे भरून आले आणि अक्षरं विरघळली. देवा, आता तूच बघ. तिनं डोळे पुसायला चष्मा कपाळावर ढकलला.

आणि काका आठवले.

पान बदललं की...

यादी ती ‘धन्यवाद’च्या पानावर पोचल्यावर मागत होती! तिथं पोचताच साधन मागचं सगळं पुसून नवी यादी धरत होतं. फॉर्मच्या पानाचे निरोप तिनं पाहिलेच नव्हते.

साधनाला तिनं मध्येच थांबायला लावलं. बटण दाबलं गेलं, सर्व्हरचं उत्तर आलं, पण पान अजून हललेलं नव्हतं. तिथंच यादी मागितली.

शेवटची ओळ लाल होती. फोटो फार मोठा, म्हणून सर्व्हरनं फॉर्मच नाकारला होता. आणि पान ते उत्तर न वाचताच ‘धन्यवाद’ म्हणून मोकळं होत होतं.

साहेब वाकले.

“म्हणजे असे आणखीही असतील,” ते हळूच म्हणाले.

“मोठा फोटो जोडणारे सगळेच, साहेब.”

“दुरुस्त करू. रात्रीत करू. पण हे बाहेर जाता कामा नये. आपण हळूच...”

“उद्या खाटा वाटतायत.”

“हा कागद त्या खिडकीवर गेला ना, तर उद्या तुझी खुर्ची मला वाचवता येणार नाही. तुला बहिणीसारखी मानतो म्हणून सांगतो.”

तिनं मान हलवली. साहेब वाईट नव्हते; घाबरले होते. घाबरली तर तीही होती. पगारावर घर चालत होतं, दादाची औषधंसुद्धा. पण दादाच राहिला नाही, तर औषधं कुणासाठी?

छपाईयंत्रातून कागद निघाला. लाल ओळ त्यावर काळीच उमटली होती. तिनं पेनानं तिच्याभोवती रेघ मारली. खुर्ची टेबलाखाली सरकवली, पर्स खांद्याला लावली.

“येते, साहेब,” ती म्हणाली.

जिन्यात फोन वाजला. वहिनीचाच. “वन्सं, कारकूनबाबांनी खिडकी अर्धी ओढली हो...”

“हात घालून धरून ठेव ती खिडकी,” ती म्हणाली, आणि कागद पदराआड धरून पायऱ्या उतरू लागली.