सोमवारपर्यंत पाणी नाही

सोमवारी सकाळी शंकर नगरच्या दुकानातून गाडी आणायला निघालो, तेव्हा बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. आमची निळी गाडी बारा वर्षांची. तिला दोन दिवस घासून, पॉलिश करून तिच्यावर सिरॅमिक कोटिंगचा, रंग जपणारा पारदर्शक थर चढवला होता. हा हट्ट बाबांचा होता. गुढियारीत आमच्या गच्चीवर कारखान्यांची काळी धूळ रोज पडते. ती गाडीच्या रंगात रुतत चालली होती, आणि ते त्यांना बघवत नव्हतं.

"बाबा, हे या गाडीच्या वयाला शोभत नाही," मी म्हटलं.

"माह्या वयाले शोभते ना? बस झालं मंग."

दुकानाच्या मालकाचं नाव प्रशिक. त्याने गाडीभोवती फिरवून आम्हाला नियम सांगितले. "काका, वरून सुकलं दिसते, पण आत अजून पक्कं व्हायचं आहे. पुढच्या सोमवारपर्यंत पाणी लावायचं नाही. शाम्पू नाही, कव्हर नाही. धूळ बसली तर बसू द्या, पुसली का ओरखडे येतात. पाखरानं घाण केली, नाही तर कशाचा शिंतोडा उडाला, तर हा कपडा ठेवून टिपून घ्या. घासायचं नाही. अन् वाळू द्यायचं नाही, डाग राहते."

"हळद-कुंकू?"

"तेही सोमवारनंतर, काका."

बाबा गंभीरपणे मान डोलवत होते. चौतीस वर्षं ते रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. रुळाच्या सांध्यावर काम सुरू करण्याआधी स्टेशनमास्तरला लेखी डिस्कनेक्शन, म्हणजे सांधा बंद केल्याची नोटीस, द्यायचं, आणि ज्याने ते दिलं त्यानेच काम तपासून रिकनेक्शन द्यायचं. मधे कोणी कितीही घाई करो, गाडी सोडायची नाही. घरी आल्याबरोबर त्यांनी शेजारच्यांना कुंपणावरून सांगितलं, "डिस्कनेक्शन देऊन टाकलं. सोमवारपर्यंत पाणी बंद."

संध्याकाळी ते अंगणात खुर्ची टाकून बसले. कबुतर आलं की टाळी वाजवायचे.

मी आतून विचारलं, "टाळ्या काहून वाजवून राहिले? कीर्तन आहे का?"

"हव, कीर्तनच आहे. तू चहा आण." चहा घेताना म्हणाले, "सोमवारी आपण दोघं धुऊ. पाणी कसं घरंगळते, पाहाजो."

मी "बघू" म्हटलं आणि पेपर तपासायला बसले.

मंगळवारी सकाळी ते उठले नाहीत. डॉक्टर आले आणि म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघंच होतो.

शहरातल्याच तात्यापाऱ्याहून श्रीपादकाका आले, शारदाकाकू आल्या, त्यांचा मुलगा निरंजन आला. काका बाबांहून चार वर्षांनी मोठे. पुढचं सगळं त्यांनी हातात घेतलं. अग्नी निरंजनने दिला. ते मी होऊ दिलं. शववाहिनीच्या मागे आमची गाडी मीच चालवत नेली आणि मीच परत आणली.

फाटकाशी काकांनी हात आडवा केला. स्मशानातून परतलेली गाडी आमच्याकडे धुतल्याशिवाय आत घेत नाहीत. काकूंनी बादली आधीच भरून ठेवली होती.

"पाणी नाही," मी म्हटलं. "सोमवारपर्यंत नाही. बाबांनी सांगितलं आहे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. त्यांचे डोळे सुजलेले होते. दमलेल्या माणसाने सोडून द्यावं तसं त्यांनी सोडून दिलं. "बरं. शारदे, गोमूत्र शिंपड. तेवढ्यावर भागते."

मी काही म्हणायच्या आत काकूंनी आंब्याच्या पानाने बोनेटवर गोमूत्र शिंपडलं. आठ-दहा थेंब. ते निळ्या रंगावर गोल होऊन उभे राहिले. ऊन चढलं होतं. मी गाडीतून प्रशिकने दिलेला कपडा काढला आणि एकेक थेंब टिपून घेऊ लागले.

"अगं ए पोट्टे! गोमूत्र आहे ते!"

"माहीत आहे काकू. म्हणूनच टिपून राहिले."

चटईवर बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. काकांनी पडतं घेतलं होतं आणि ते मी सगळ्यांसमोर पुसून टाकलं होतं, हे मला शेवटचा थेंब टिपल्यावर कळलं. कळूनही मी माफी मागितली नाही.

"ही गाडी या फाटकाच्या आत येणार नाही," ते म्हणाले.

"मग बाहेर राहील."

गाडी मी रस्त्यापलीकडे उघड्यावर लावली. अलीकडे कडुलिंबाची सावली होती, पण झाडाखाली चिकटा पडतो. प्रशिकला फोन केला. गोमूत्राचं ऐकून तो हसला. मग हसायचा थांबला.

"दीदी, गोमूत्र कशासाठी? घरी कोणी...?"

"बाबा."

तो हळूच म्हणाला, "टिपलं ना? मग काही होत नाही. सोमवारपर्यंत सांभाळा."

बुधवारी दिवसभर लोक येत होते. आधी धुळीने काळवंडलेल्या गाडीकडे बघायचे, मग माझ्याकडे. भेटून जाताना कोणीतरी काकूंना हळूच म्हणालं, बापाला चोवीस तास नाही झाले आणि ही कपडा घेऊन रस्त्यावर उभी. ते खरं होतं. मी दोनदा कबुतराची घाण टिपली होती. घरात मला कोणी रडताना पाहिलं नव्हतं, तेही खरं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या सुखरूप जाव्यात म्हणून ऊन-पावसात उभ्या राहिलेल्या माणसाने स्वतःच्या गाडीसाठी सात दिवस मागितले होते. त्यातला एक त्याला मिळाला. उरलेले सहा मी कोणाला देणार नव्हते.

गुरुवारी सकाळी काका आणि निरंजन अस्थी घेऊन आले. अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून लाल कापडात बांधलेलं मडकं फाटकाबाहेर कडुलिंबाच्या फांदीला टांगलं. तिथून राजीमला, संगमावर न्यायचं होतं.

"निरंजन, तुझी गाडी काढ," काका म्हणाले.

"बाबा आपल्या गाडीत जातील," मी म्हटलं. "मी नेते."

"मंग धू ती. न धुतलेल्या गाडीत मी माह्या भावाले बसू देणार नाही."

"सोमवारी धुते. सोमवारी जाऊ. गुरुजी म्हणाले, दहाव्याच्या आत कधीही चालतं."

निरंजन नेहमीसारखा हिंदीत मधे पडला. "दीदी, मेरी गाड़ी में रख लेते हैं ना. आप साथ में बैठ जाना. झगड़ा क्यों?"

"झगड़ा नहीं है. सोमवार को चलेंगे."

काकांचा आवाज चढला. "बाप झाडाले टांगलेला ठेवून तू रंग सुकायची वाट पाहून राहिली? लाज वाटू दे जरा! एवढे पुस्तकं वाचले, त्याच्यात हेच लिहिलं होतं का?"

"डिस्कनेक्शन बाबांनी दिलं आहे, काका. ते तुम्हाला उठवता येत नाही. मलाही येत नाही."

"हे रेल्वे स्टेशन नोहे!"

त्यांनी नळाखालची बादली उचलली. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, भरलेली बादली दोन्ही हातांनी छातीशी धरून रस्ता ओलांडू लागला. पाणी हिंदकळून त्यांच्या धोतरावर सांडत होतं. निरंजन "पापा, पापा" करत मागे धावला. त्यांनी त्याला कोपराने ढकललं. मी त्यांच्या आधी पोचले आणि बोनेटला पाठ न टेकवता, दोन बोटांचं अंतर ठेवून उभी राहिले.

"सरक."

"नाही."

"इरावती, सरक म्हणतो."

"ओता. माझ्यावर ओता. मागे एक थेंब जाऊ देणार नाही."

बादली त्यांनी वर उचलली. मी डोळे मिटले नाहीत. बाबांचीच हनुवटी, बाबांसारखीच वर आलेली गळ्याची घाटी. ते ओरडले, पण शेवटी आवाज फाटला. "काय आहे त्या गाडीत? रडली नाहीस तू! भाऊ गेला माहा, अन् तू त्याच्यासाठी रडली नाहीस! गाडी पुसून राहिली! काय आहे त्याच्यात एवढं?"

समोरच्या गच्चीवर लोक जमले होते. काकू फाटकाशी तोंडावर पदर घेऊन उभ्या होत्या. मी माझा आवाज खाली आणला नाही. सगळ्यांना ऐकू जावा एवढाच ठेवला.

"काका, मले बाबा फार आवडत होते. आपल्या घरात असं कोणी म्हणत नाही. मीही नाही म्हटलं. बेचाळीस वर्षांत एकदाही नाही म्हटलं. चहा दिला, बीपीच्या गोळ्या दिल्या, वाद घातले, पण हे नाही म्हटलं. आता तुम्ही ऐका, कारण ऐकायले तेच नाहीत. मले माझे बाबा फार आवडत होते."