उजव्या बाजूची चार बटणं

मित्रांनो, टीव्हीवर गेम खेळताना जी वस्तू दोन्ही हातांत धरतात, ती मी. मी एक जुना कंट्रोलर आहे. आमच्या वाडीत मला कुणी रिमोट म्हणतं, कुणी नुसतंच 'गेमचं ते'. तुळजाबाई मला खेकडा म्हणतात, कारण माझे दोन दांडे त्यांना नांग्यांसारखे दिसतात. मी रागवत नाही. इथे खेकडा सगळ्यांच्या आवडीचा आहे.

माझा जन्म दूर देशातल्या एका कारखान्यात झाला. फिरत्या पट्ट्यावरून मी सरकत गेलो आणि कुणीतरी माझं एकेक बटण दोनदा दाबून पाहिलं. मग मी मुंबईला आलो. तिथे तीन वर्षं एका घरात राहिलो, नंतर नव्या मॉडेलपुढे जुना झालो आणि महाडच्या एका मोबाइलच्या दुकानात येऊन पडलो. तिथून मला तुळजाबाईंच्या मुलाने, भरतने उचललं. महाडच्या औद्योगिक वसाहतीत त्याला नुकतंच काम लागलं होतं. पहिल्या पगाराच्या दिवशी त्याने मला आणि टीव्हीला जोडायच्या माझ्या यंत्राला पिशवीत घातलं, एसटीने पोलादपूर गाठलं आणि तिथून डोंगरातल्या त्याच्या वाडीपर्यंत मांडीवर सांभाळून आणलं.

आमच्याकडे एकच गेम होता, कुस्तीचा. आपल्या मातीतली कुस्ती नव्हे. दोऱ्यांचा चौकोन, डोळे दिपवणारे दिवे, अंगावर रंगीत कपडे आणि तीन मोजेपर्यंत पाठ टेकवून ठेवायची, अशी ती विलायती कुस्ती. रविवारी भरतच्या घरात पाय ठेवायला जागा नसे. माझ्या डाव्या बाजूची काठी पैलवानाला फिरवायची आणि उजव्या बाजूची चार बटणं डाव टाकायची. भरतचा उजवा अंगठा त्या चार बटणांवर असा फिरे, की मला स्वतःला कळायच्या आत समोरचा आडवा झालेला असे.

एकच माणूस आत येत नसे. भरतचे वडील, गोमाजी. तरुणपणी त्यांनी जत्रेच्या आखाड्यात नारळाच्या इनामापासून चांदीच्या कड्यापर्यंत कुस्त्या मारल्या होत्या. ते पडवीत बसून म्हणत, "पाठ लागली की कुस्ती सपली. ह्यो तीन कशाला मोजतो? खोटा धंदा हाय सगळा."

मित्रांनो, श्रावणातल्या एका दुपारी कारखान्यात भरतचा उजवा हात पट्ट्यात गेला. मी ज्यावर जन्मलो, तसाच एक पट्टा. दोन बोटं गेली. अंगठा राहिला, पण तो वाकेना.

दवाखान्यातून तो घरी आला आणि त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. मला लोखंडी पेटीत टाकलं गेलं. पावसाच्या ओलीने माझ्या अंगावर बुरशी धरली, डावी काठी चिकट झाली. पेटीच्या झाकणाआडून मला घरातले आवाज ऐकू येत. भरतचा आवाज त्यांत नसे. तुळजाबाई त्याला सव गावच्या उन्हाळ्यांवर, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांवर नेत, हात त्या पाण्यात बुडवून ठेवायला लावत. महाडच्या दवाखान्यातल्या व्यायामाच्या मॅडमनी दर मंगळवारी बोलावलं होतं. तो दोनदा गेला आणि मग गेलाच नाही. दिवसभर तो खिंडीतल्या वळणावर, जिथे खाली दरी आहे, तिथे कठड्यावर बसून राही. तो परत येईपर्यंत तुळजाबाईंचं चुलीवरच्या भाकरीकडे लक्ष नसे.

माघात एके दिवशी पेटी उघडली. भरतची बहीण अक्षदा, महाडला कॉलेजात शिकणारी, तिने मला बाहेर काढलं आणि ओल्या फडक्याने पुसलं.

"दादा, ऐक ना. तुझ्या कुस्तीच्या गेमचा नवा भाग येतोय."

भरत भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"यात आपला फोटो घालून आपल्याच चेहऱ्याचा पैलवान बनवता येणार. आखाडासुद्धा आपण बांधायचा. बायकांची आणि पुरुषांची कुस्ती एकमेकांशी लागणार." ती माझी बटणं पुसत राहिली. "आणि एका हाताने खेळायची सोय असणार आहे. सगळे डाव एकाच बाजूला."

भरतने मान वळवली. "कोण म्हणालं?"

"मी वाचलंय."

"डाव्या हाताने चालेल?"

"हो. डाव्या हातानेच."

त्या दिवशी भरत उठून बसला. कितीतरी महिन्यांनी त्याने मला हातात घेतलं, फक्त डाव्या. मी एका बाजूला कलंडलो. त्याने मला मांडीवर टेकवलं आणि डाव्या हाताची बोटं ताणून पाहिली.

पुढच्या मंगळवारी तो महाडला गेला, मला पिशवीत घेऊन. व्यायामाच्या मॅडम म्हणाल्या, "हे छान आहे. डावा हात यावर तयार करा, आणि उजवा अंगठा रोज या बटणावर नुसता टेकवून ठेवा." तेव्हापासून आम्ही एकही मंगळवार चुकवला नाही. मार्चात चवदार तळ्यावर माणसांचा पूर लोटला होता. एसटी गावाबाहेरच थांबली, तर भरत तिथून चालत गेला. त्याला उशीर करायचा नव्हता. नव्या गेमची घोषणा एप्रिलातल्या एका शनिवारी होणार होती. तो अक्षदाला रोज विचारी, अजून काय काय येणार? ती सांगे आणि तो जेवताना दोन घास जास्त खाई.

मला वाटलं, आता सगळं ठीक होणार. मग एका संध्याकाळी भरत नदीवर गेला असताना अक्षदा स्वयंपाकघरात आली. मी चार्जिंगला लावलेला होतो. ती हळूच म्हणाली, "आई, मी खोटं बोलले."

"काय गो?"

"ती एका हाताची सोय. येणार आहे असं कुठेच लिहिलेलं नाही. कुणीतरी आपली इच्छा लिहिली होती, असं असायला हवं म्हणून. मी दादाला सांगितलं, असणारच आहे. मला वाटलं, तो एकदा उठून बसेल, मग बघू."

तुळजाबाईंच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. "मंग आता सांग त्याला."

"कशी सांगू? तो जेवायला लागलाय गं."

"आन् शनिवारी त्याला कळंल तवा?"

मित्रांनो, माझ्या अंगावर इतकी बटणं आहेत, पण बोलायचं एकही नाही. पुढचे नऊ दिवस भरत मला हातात घेऊन सराव करायचा आणि त्याच्या तळव्याचा घाम मला लागायचा. तो आनंदाचा घाम होता. मला त्याची भीती वाटायची.

शनिवार आला. वाडीत मोबाइलला रेंज नसते. ती फक्त खिंडीतल्या वळणावर मिळते. ऊन उतरल्यावर भरत आणि अक्षदा तिकडे गेले. भरतच्या डाव्या हातात मी होतो. दोघं कठड्यावर बसले. अक्षदाने मोबाइल समोर धरला. ती पडद्याऐवजी भरतकडेच बघत होती, म्हणून चित्र एका बाजूला कलत होतं.

"नीट धर ना," भरत हसून म्हणाला.

घोषणा सुरू झाली. आधी दिवे, मग धूर. आपल्या चेहऱ्याचा पैलवान दाखवला. भरत म्हणाला, "बघ, खरंच आहे!" आखाडा बांधायची सोय दाखवली. बायकांची आणि पुरुषांची कुस्ती दाखवली. गर्दीतला एकेक माणूस वेगळा ओरडत होता. प्रत्येक नव्या गोष्टीला भरतची बोटं माझ्यावर घट्ट होत होती. मध्येच रेंज गेली. चित्र थांबलं. गोल चक्र फिरत राहिलं. अक्षदाने डोळे मिटून घेतले होते.

चित्र पुन्हा हललं आणि शेवट आला. खेळ कोणत्या यंत्रांवर चालेल त्यांची यादी आली. त्यात आमचं जुनं यंत्र नव्हतं. मग सगळं काळं झालं.

"एका हाताचं राहिलं," भरत म्हणाला. "ते नंतर सांगतील का?"

अक्षदाने मोबाइल मांडीवर उलटा ठेवला.

"अक्षदा?"

"दादा, ते नव्हतंच. मी मनाने सांगितलं होतं."

भरत उभा राहिला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने एकदा आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डाव्या हाताने मला जिवाच्या जोराने फेकलं. मी कठड्यावरून गेलो, एका खडकावर आपटलो आणि कारवीच्या झुडपात अडकलो. माझा एक खांदा चिरला. खाली दरी होती. वरून अक्षदाचं रडणं ऐकू येत होतं, "दादा, तिकडे जाऊ नको! दादा!" आणि कठड्यापलीकडच्या दगडांवर पावलं वाजत होती.

तेवढ्यात दुसरा आवाज आला, दमलेला, चढ चढून आलेला. "भरत. थांब तिथंच."

गोमाजी होते. तुळजाबाईंनी त्यांना सगळं सांगून मागोमाग धाडलं होतं.

"बाबा, तुम्ही जा."

"जातो. आधी माजा हात धर. मला खाली उतरायचंय."

"कशाला?"

"तुजा खेकडा पडलाय ना तिथं."

दगडांवरची पावलं माघारी वळली. मग भरतचा डावा हात आणि गोमाजींचा उजवा, असे एकमेकांना धरून ते दोघं सावकाश खडकापर्यंत उतरले. झुडपातून मला गोमाजींनी काढलं. त्यांचा तळवा मी पहिल्यांदाच अनुभवत होतो. रुंद आणि खरखरीत. त्यांनी मला पुसलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"ह्यात तुजा उजवा हात काय करायचा?"

"ही चार बटणं," भरत म्हणाला. "पकड, ठोसा, पळणं आणि उलटा डाव."

"चारच?"

"चारच."

"मंग ती चार मला शिकव."

भरत त्याच खडकावर बसला आणि रडला. अपघातानंतर पहिल्यांदा. गोमाजींनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो शांत होईपर्यंत तसेच बसून राहिले. मग तिघं घरी आले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, टीव्हीवरचं फडकं निघालं. बापलेक मांडीला मांडी लावून बसले. माझा डावा दांडा भरतच्या हातात होता, उजवा गोमाजींच्या. तोच जुना गेम लागला आणि ते हरले. पुन्हा हरले. गोमाजी पकडीच्या जागी ठोसा दाबत, उलट्या डावाला हमखास उशीर करत. पडद्यावर खूण येते तेव्हाच ते बटण दाबायचं असतं.

"बाबा, खूण दिसली की दाबा!"

"दिसंपातुर त्यो उचलतोय की रे!"

सहाव्या कुस्तीला गोमाजींनी खुणेकडे बघणं सोडून दिलं. ते पडद्याजवळ वाकले आणि समोरच्या पैलवानाच्या खांद्याकडे बघत राहिले. खांदा जरासा हलला आणि त्यांचा अंगठा पडला. डाव उलटला. पुन्हा खांदा हलला, पुन्हा उलटला.

"कसं काय कळलं तुम्हाला?" भरत ओरडला.

"खांदा हलला की डाव येतो. खोट्या कुस्तीत बी येतो वाटतं."

"आता पकड! बाबा, पकड! सोडू नका, मी त्याला कोपऱ्यात नेतो!"

भरतचा आवाज अंगणापर्यंत गेला. तुळजाबाई चूल सोडून दारात आल्या. अक्षदा त्यांच्या मागे उभी होती. एक, दोन... आणि समोरचा उठला. ती कुस्तीही ते हरले. पण गोमाजी मांडी न सोडता म्हणाले, "आणखी एक लाव."

त्या संध्याकाळी भरतने अक्षदाला हाक मारली. तो तिला म्हणाला, "पुन्हा असं काही करू नकोस. जे असेल ते सांग. वाईट असलं तरी सांग." तिने मान हलवली. मग दोघं वळणावर गेले आणि भरतने डाव्या अंगठ्याने एकेक अक्षर शोधत गेम बनवणाऱ्यांना पत्र लिहिलं. एका हाताने खेळणाऱ्या माणसाला कोणतं बटण कुठे लागेल, हे त्याने त्यात नीट समजावून सांगितलं. उत्तर अजून आलेलं नाही. नवा गेम बाजारात येईल तेव्हा त्यात ती सोय असेल का, मला माहीत नाही. भरत मात्र मंगळवार चुकवत नाही. त्याचा उजवा अंगठा आता माझ्या सगळ्यात खालच्या बटणावर टेकतो. दाबत नाही अजून, पण टेकतो.

मित्रांनो, माझ्यासारख्याला फार काही लागत नाही. कोरडी जागा द्या, धूळ पुसा, बिघडलो तर फेकण्याआधी एकदा उघडून बघा. माझी चीर गोमाजींनी चिकटपट्टी लावून बुजवली आणि मी चालतो आहे. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. गेमचा नवा भाग येतच राहतो. हाताचा येत नाही. पिठाच्या गिरणीजवळ, मळणीच्या यंत्राजवळ, कुठल्याही फिरत्या पट्ट्याजवळ जाल तेव्हा तुमचे हात जपा. आणि कुणाचा हात निकामी झाला असेल, तर त्याला खोटी आशा दाखवू नका. त्याच्या शेजारी मांडी घालून बसा आणि विचारा, माझ्या वाटणीची बटणं कोणती?